घरबसल्या दर्यावर्दी

आपल्या महिला मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका नामवंत व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे असे चिटणीसबाईंनी सभेत सांगितले, तेव्हा मी हळूच अंग काढून घ्यायला पाहिले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हिशेबाची वही आणि वाण्याची यादी यांपलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. पण चिटणीसबाई ऐकेनात. बाकीच्या भगिनींनी सावित्रीबाई फुले, रमाबाई रानडे, डॉ. आनंदीबाई जोशी ही नावे आधीच वाटून घेतली होती. मग मी इटली देशातल्या एका लेखकाचे नाव सांगितले. सगळ्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

त्याचे असे झाले. माझ्या धाकट्या वन्सांची मुलगी इटलीत तुरीन या शहरी शिकायला आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ती आमच्याकडे आंबे खायला आली. दुपारी मी पडवीत फणस सोलीत बसले की ती शेजारी बसून तिकडच्या गोष्टी सांगे. एक दिवस ती एक जुने चित्रांचे पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली की, मामी, या परक्या पुस्तकात आपला एक मराठा आहे. मला खरेच वाटेना. मग रोज ती इटालियन वाचून मला मराठीत सांगू लागली. गोष्ट संपली तसे मी तिला गोष्ट लिहिणाऱ्याविषयी विचारले. तीच हकीगत आज मी माझ्या मैत्रिणींपुढे ठेवीत आहे.

या लेखकाचे नाव एमिलिओ साल्गारी. इटलीत हे नाव पोराटोरांच्या तोंडी असे. आपल्याकडे लहानपणी इसापनीती, सिंदबादच्या सफरी वाचतात, तशी तिकडे मुलांनी पिढ्यान् पिढ्या साल्गारीची साहसाची पुस्तके पांघरुणात लपवून वाचली.

त्याचा जन्म २१ ऑगस्ट १८६२ रोजी व्हेरोना या गावी झाला. घरी कापडाचा लहानसा व्यापार होता. व्हेरोना काही समुद्राकाठी नाही. पण या मुलाला वेड लागले ते समुद्राचे. आपण गलबताचा कप्तान व्हावे या हट्टाने तो व्हेनिसच्या नौकानयनाच्या शाळेत गेला. तिथे मात्र अभ्यास काही जमला नाही. परीक्षा पुऱ्या न करताच तो परत आला. उभ्या आयुष्यात त्याने मोठा असा समुद्रप्रवास एकच केला, तोही इटलीच्याच अंगणातल्या एड्रियाटिक समुद्रात, तीनेक महिन्यांचा. एवढ्या भांडवलावर तो स्वतःला जन्मभर कप्तान म्हणवून घेत असे आणि आपण साती समुद्र पाहिले आहेत असे लोकांना सांगत असे.

हे ऐकून मला आधी हसू आले. पण मग मनात आले, आमचे घर खाडीच्या तोंडाशी. दारातून गलबते दिसतात. तरीतून पलीकडच्या गावी जाण्यावाचून मी कधी पाण्यावर गेलेली नाही. तरी मुले लहान असताना वादळाच्या आणि चाच्यांच्या गोष्टी मी त्यांना इतक्या रंगवून सांगे की शेजारणीला वाटावे, ही बाई नक्कीच कुठे बुडता बुडता वाचली आहे. गोष्ट सांगणाऱ्याचे थोडेसे खोटे देव माफ करीत असावा.

कप्तान होता आले नाही, तेव्हा साल्गारी वर्तमानपत्रात नोकरी करू लागला. रिकामा वेळ मिळाला की वाचनालयात बसावे, नकाशे पाहावेत, प्रवासाची वर्णने असलेली मासिके चाळावीत आणि देशोदेशीची झाडे, जनावरे, हत्यारे, कपडे यांची टिपणे काढावीत, हा त्याचा क्रम. १८८३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याची पहिली गोष्ट मिलानच्या एका साप्ताहिकात छापून आली. त्याच वर्षी व्हेरोनाच्या वर्तमानपत्रात मलायाच्या वाघाची त्याची गोष्ट क्रमशः येऊ लागली आणि ती लोकांना फार आवडली. १८८५ मध्ये दुसऱ्या एका पत्रकाराने त्याच्या कप्तानकीची थट्टा केली. त्याबरोबर या पठ्ठ्याने त्याला तलवारीच्या द्वंद्वाचे आव्हान दिले, त्याला जखमी केले आणि त्यापायी थोडे दिवस कैदही भोगली. म्हणजे कागदावरचा वीर एकदा तरी खराखुरा लढला!

पण घरात सुख नव्हते. १८८७ मध्ये आई गेली. दोनच वर्षांनी, आपल्याला असाध्य रोग जडला आहे या धास्तीने वडिलांनी स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेतले. हे वाक्य मी लिहू की नको असा फार विचार केला. पण पुढची हकीगत कळायला ते हवे, म्हणून ठेवले आहे.

१८९२ साली साल्गारीने इदा पेरुत्सी हिच्याशी लग्न केले. इदा हौशी नाटकांतून कामे करी. संगीत नाटकातल्या एका नायिकेवरून तो तिला आयदा म्हणे. दोघांचा एकमेकांवर फार जीव होता. त्यांना चार मुले झाली. पहिली मुलगी फातिमा, मग नादिर, रोमेरो आणि ओमर असे तीन मुलगे. इटलीच्या घरात ही नावे कुठून आली? त्याच्या गोष्टींच्या जगातून! पुढे हे कुटुंब तुरीनला आले, मधली काही वर्षे जेनोआजवळ राहिले, आणि १९०० साली पुन्हा तुरीनला येऊन तिथेच स्थिरावले.

आता त्याच्या पुस्तकांविषयी थोडे सांगते. त्याचा सर्वांत गाजलेला नायक सांदोकान. हा बोर्निओकडचा राजपुत्र. इंग्रजांनी त्याचे राज्य बुडविले, घरच्यांना मारले. म्हणून तो मोंप्राचेम नावाच्या बेटावर आपले वीर जमवून चाचा झाला आणि इंग्रजांच्या गलबतांवर तुटून पडू लागला. यानेझ नावाचा एक पोर्तुगीज त्याचा जिवलग मित्र. साऱ्या गडबडीतही हा यानेझ शांतपणे सिगारेट ओढीत असतो. लाबुआन बेटावरची मारियान्ना ही सांदोकानची प्रेयसी. गोष्टीत त्यांचा वैरी म्हणून येणारा जेम्स ब्रुक हा तर इतिहासातला खरा माणूस. १८४१ पासून हा इंग्रज सारावाकचा राजा होऊन बसला होता.

मला विशेष वाटले ते असे, की त्या काळी युरोपातल्या साहसकथांत बहुधा गोरा तो शूर आणि बाकीचे एक तर दुष्ट नाहीतर नोकर. साल्गारीने मात्र आशियातल्या माणसाला नायक केले आणि त्याला साम्राज्याशी लढायला उभे केले. इटलीतल्या पोरांनी सांदोकानच्या बाजूने टाळ्या वाजविल्या, इंग्रजांच्या नव्हे.

आपला मराठा आहे तो १८९५ साली निघालेल्या काळ्या जंगलाच्या कादंबरीत. सुंदरबनात त्रेमाल-नाईक नावाचा बंगाली शिकारी राहतो. त्याने एक वाघीण पाळली आहे. ठगांनी पळवून नेलेल्या एका इंग्रज कप्तानाच्या मुलीवर त्याचे मन जडते आणि तिला सोडविण्यासाठी तो जिवावर उदार होतो. या शिकाऱ्याचा इमानी सोबती कम्मामुरी, आणि तो मराठा! शूर, धन्यासाठी प्राण द्यायला तयार. आता कम्मामुरी हे नाव आपल्याकडे कोणत्या घराण्यात आहे ते मला ठाऊक नाही. नाईक मात्र आमच्याच वाडीत दहा घरे आहेत, पण ती बंगाली नव्हेत. ठगांच्या म्होरक्याचे नाव सुयोधन. हे ऐकून मी भाचीला सांगितले की हे तर दुर्योधनाचे दुसरे नाव, या लेखकाने महाभारत कुठेतरी चाळलेले दिसते. पुढे १९०४ च्या एका कादंबरीत सांदोकान स्वतः बंगालात येतो आणि गोष्ट १८५७ च्या बंडातल्या दिल्लीत जाऊन संपते.

चुका काढायच्या तर पुष्कळ निघतील. पण हिंदुस्थान न पाहिलेल्या माणसाने दिव्याच्या उजेडात, पुस्तकांतून वेचून वेचून हे सारे उभे केले. पाहुण्याने आपल्या घराचे वर्णन करताना खिडकी चुकीच्या भिंतीला सांगितली, तरी घर चांगले आहे असे म्हणाला तर आपण रागावत नाही.

१८९८ साली त्याची काळ्या चाच्याची कादंबरी निघाली. या चाच्याच्या भावांना एका सुभेदाराने मारलेले असते. त्याच्या साऱ्या कुळाचा सूड घेण्याची शपथ तो घेतो, आणि मग ज्या मुलीवर त्याचे प्रेम बसते ती त्याच सुभेदाराची मुलगी निघते. शपथेखातर तो तिला होडीत बसवून भर समुद्रात सोडतो आणि गलबतावर एकटा बसून रडतो. भाचीने हे सांगितले त्या दिवशी माझ्या हातातला फणस तसाच राहिला.

एकूण ऐंशीच्या आसपास कादंबऱ्या आणि शंभरावर गोष्टी त्याने लिहिल्या. १८९७ साली इटलीच्या राजघराण्याने त्याला सरदारकीचा किताब दिला. राणी मार्घेरिता त्याच्या पुस्तकांची चाहती होती. घरोघरी पुस्तके गेली, परभाषांत गेली. मग एवढ्या लेखकाचे घर सुबत्तेत असेल असे आपल्याला वाटते. तसे नव्हते, आणि माझ्या लेखाचा खरा विषय इथूनच सुरू होतो.

साल्गारीचा प्रकाशकांशी करार असे तो वर्षाला ठराविक कादंबऱ्या लिहून देण्याचा आणि त्याबद्दल ठराविक रक्कम घेण्याचा. आधी वर्षाला तीन, मग चार. पुस्तकाच्या किती प्रती खपल्या, किती आवृत्त्या निघाल्या, याच्याशी त्याचा संबंध नाही. एकदा हस्तलिखित दिले की हक्क संपला. रोज ठरलेली पाने झालीच पाहिजेत. घरात शाईलाही पैसे नकोत म्हणून तो स्वतःच शाई बनवी असे सांगतात. एकामागून एक सिगारेट ओढीत रात्र रात्र लिहायचे आणि सकाळी कागद छापखान्याकडे धाडायचे. पैसा पुरेना म्हणून तो करार चुकवून, खोट्या नावांनी, दुसऱ्या प्रकाशकांनाही लपूनछपून पुस्तके देई. ठरलेली रक्कम अगदीच थोडी नव्हती, पण घरात पैसा टिकत नव्हता, असे म्हणणारेही आहेत. तेही खरे असेल. मुले चार, घरात पाळलेले पशुपक्षी, आणि पुढे पुढे इदाचे दुखणे. पण ज्याच्या हातून माल निघतो त्याला मालाच्या खपात वाटा नाही, हे मात्र खरेच.

भगिनींनो, हे मला भाचीने समजावून सांगावे लागले नाही. आपल्यापैकी कितीतरी जणींनी आंबापोळीचे काम केले आहे. एक व्यापारी आंबे आणून टाकी. आम्ही रस काढायचा, कढईत आटवायचा, ताटांत ओतायचा, उन्हात राखणीला बसायचे आणि पोळी किलोवर तोलून द्यायची. मुंबईला ती त्याच्या नावाच्या कागदात जाई. तिथे किती भावाने विकली जाते हे आम्हाला माहीत नव्हते आणि विचारायचे धाडसही नव्हते. एका वर्षी ऐन मे महिन्यात अवकाळी पाऊस आला, पोळ्यांना बुरशी धरली. व्यापाऱ्याने आंब्यांची किंमत मजुरीतून कापून घेतली. उलट मीच त्याची देणेकरी झाले, आणि ते फेडायला पुन्हा रात्रंदिवस कढईपाशी उभी राहिले. त्याच दिवसांत सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. आतल्या खोलीतून त्या मला हाका मारीत. आले, आले, असे मी म्हणे, आणि रस करपेल म्हणून ढवळीत राही. त्या वर्षीच्या श्रावणात त्या गेल्या. ढवळणे थांबवून मी कितीदा आत गेले, हे आता मोजायला जाते तेव्हा हाताची बोटेही जास्त होतात.

म्हणून मी साल्गारीच्या लिहिण्याच्या टेबलाकडे पाहते तेव्हा मला आतल्या खोलीतली इदाही दिसते. नवरा रोज मलायाच्या बेटांवर आणि सुंदरबनात. ती तुरीनच्या भाड्याच्या घरात, चार मुले आणि देणेकरी यांच्यामध्ये. एके काळी रंगभूमीवर काम केलेली ती बाई. हळूहळू तिच्या मनाचा तोल ढळू लागला. तिच्या दुखण्याने तो खचला आणि खचला तरी लिहीतच राहिला, कारण न लिहून चालणार नव्हते. अखेर एप्रिल १९११ मध्ये तिला तुरीनजवळच्या कोलेन्यो येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. चांगल्या खाजगी इस्पितळाचा खर्च त्याला झेपणारा नव्हता. हजारो मुलांना ज्याने बंदिवासातून सुटणाऱ्या नायिकांच्या गोष्टी सांगितल्या, त्याला स्वतःच्या बायकोला घरी आणता आले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २५ एप्रिल १९११ रोजी, तुरीनबाहेरच्या टेकडीवर साल्गारीने आपल्या हातांनी आपले आयुष्य संपविले. वय अठ्ठेचाळीस. थोरली फातिमा अठरा वर्षांची होती, धाकटा ओमर जेमतेम दहा-अकराचा. त्याने मागे पत्रे ठेवली. मुलांना लिहिले की दीडशे लिरा आणि सहाशे लिरांचे येणे एवढेच मी तुमच्यासाठी ठेवीत आहे. प्रकाशकांना लिहिले की माझ्या कष्टांवर तुम्ही श्रीमंत झालात आणि मला व माझ्या माणसांना सतत ओढगस्तीत ठेवलेत, आता निदान माझ्या अंत्यविधीचा खर्च तरी करा, मी माझी लेखणी मोडून तुमचा निरोप घेतो.

त्याने केले ते बरोबर नव्हे, हे मी स्पष्ट लिहिते. चार लेकरांना आणि आजारी बायकोला मागे टाकून जाणे याला शौर्य म्हणता येत नाही. त्याच्या पुस्तकातला सांदोकान इतक्यांदा हरला, पण दर वेळी नवे गलबत शोधून निघाला. पण त्याला दोष देऊन मी मोकळीही होऊ शकत नाही. त्या घरात जाऊन त्याच्या टेबलाशी कोणी बसले असते, हिशेब मांडायला मदत केली असती, इदाच्या उशाशी एखादी शेजारीण पाळीने राहिली असती, तर काय झाले असते, असा विचार माझ्या मनात येतो.

तुरीन शहरात तेव्हा मोठ्या जागतिक प्रदर्शनाची धामधूम चालू होती. इटली एक झाल्याला पन्नास वर्षे झाली म्हणून सारे शहर सजले होते. त्या गडबडीत साल्गारीच्या अंत्ययात्रेकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे त्याला त्याच्या जन्मगावी, व्हेरोनाच्या स्मशानभूमीत चिरविश्रांती मिळाली. फातिमा १९१४ साली क्षयाने गेली. इदा कधीच घरी परतली नाही. १९२२ साली मनोरुग्णालयातच तिचा अंत झाला. मुलग्यांनाही सुख लाभले नाही. त्याच्या नावाचा खप मात्र एवढा, की तो गेल्यावरही इतरांनी लिहिलेली पुस्तके त्याच्या नावावर छापून विकली जात होती. जिवंतपणी त्याने खोट्या नावाने खरी पुस्तके लिहिली, आणि मेल्यावर त्याच्या खऱ्या नावाने खोटी पुस्तके निघाली.

त्याच्या गोष्टींवर कितीतरी चित्रपट झाले. १९७६ साली इटलीच्या दूरदर्शनवर सांदोकानची मालिका आली तेव्हा तिकडच्या लोकांना तिने अक्षरशः वेड लावले. त्यात सांदोकान झाले होते ते आपले कबीर बेदी. ज्याला हिंदुस्थान पाहता आला नाही, त्याचा नायक व्हायला हिंदुस्थानातूनच माणूस गेला, याचे मला फार बरे वाटले.

पुढच्या वर्षी, भाची पुन्हा आली तोवर, इकडे एक गोष्ट झाली होती. तिच्याकडून ऐकलेली ही हकीगत मी मंडळाच्या मासिक बैठकीत सांगितली होती. त्या दिवशी आरती झाल्यावरही कोणी उठेना. एकेकीने आपापल्या व्यापाऱ्याचा हिशेब बोलून दाखविला. तोवर आपले मंडळ म्हणजे भजन, हळदीकुंकू आणि भोंडला. त्या मे महिन्यात प्रथमच आपण वर्गणी काढून आंबे विकत घेतले आणि मंडळाच्या नावाने पोळी विकली. भाव बैठकीत ठरतो, विक्रीचा आकडा फळ्यावर लिहिला जातो, आणि प्रत्येक पाकिटावर पोळी करणारीचे नाव असते. जिच्या घरी आजारपण असेल तिची कढई दुसरीने सांभाळायची, हा नियम मी आग्रहाने घालून घेतला. फायदा अजून फार नाही. पहिल्या वर्षी तर गाडीभाड्यातच बरेचसे गेले. पण हिशेब आपल्या डोळ्यांसमोर आहे.

जाताना भाची दोन पाकिटे तुरीनला घेऊन गेली. पो नदीच्या काठाने जाणाऱ्या कोर्सो कासाले या रस्त्यावर साल्गारीचे शेवटचे घर आहे आणि त्यावर त्याच्या नावाची पाटी लावलेली आहे. तिथून जाताना मला मामीची आठवण येते, असे तिने फोनवर सांगितले. मी तिला म्हटले की पाटीवर इदाचेही नाव आहे का ते पाहा. पुढच्या खेपेला ती पाहून सांगणार आहे.

लिहिण्यात काही चुकले असल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे. मंडळाची अशीच भरभराट होवो, हीच देवाजवळ प्रार्थना.